कापरं भरू नये म्हणून

"वेणी ओली आहे हिची," मी म्हटलं.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर द्वारका बसली होती. अंगात हिरवा गाऊन, पायांत कुणाच्यातरी पुरुषी चपला. नाडी बघायला मी तिचा हात धरला तेव्हा तिची वेणी माझ्या मनगटाला लागली. बर्फासारखी गार. शेंड्यातून पाणी गळून गाऊनची पाठ भिजली होती.

"पहाटंच न्हाऊ घातलं की," शेजारी उभी असलेली तिची सासू म्हणाली. "टाके पडल्यावर कवा डोस्क्याला पानी लागायचं? आमच्यात असंच करत्यात."

पौष महिना होता. बार्शीला उन्हाळ्याची सवय, थंडीची नाही. त्यामुळे दवाखान्याच्या भिंती, फरशी, लोखंडी खाटा सगळं रात्रभर गारठून बसलेलं असे. अशा पहाटे सासूने सुनेला डोक्यावरून आंघोळ घातली होती. मायेनंच घातली असणार. कानामागे शिकेकाईचा कण अजून चिकटलेला होता.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी गावातल्या सगळ्याच दवाखान्यांतून भूल द्यायला जायची. बोलावणं आलं की बॅग उचलायची आणि निघायचं. रोज पहाटे भगवंताला तुळशीची माळ वाहायची, आणि त्या दिवशी ज्यांना भूल द्यायची त्यांच्या नावाने एकेक माळ जपायची, हा माझा नेम. मी कुणाशी फार बोलत नाही, त्यामुळे बोलायचं ते तिथंच बोलून घेते. वाहायची माळ मी देवळाच्या पायरीवर बसणाऱ्या सोजरबाईंकडून घेत असे. आमचं बोलणं तेवढ्यापुरतंच: "आज दवना घालू का?" "घाला." त्या सोजरबाई आज इथे माझ्यासमोर द्वारकेची सासू म्हणून उभ्या होत्या.

"कोरडा टॉवेल मिळतो का बघता?" मी त्यांना म्हटलं. त्या गेल्या.

त्यांची पाठ वळायचीच वाट बघत असावी तशी द्वारकेनं माझा पदर धरला. "म्याडम, एक मागू?"

"माग ना."

"मागल्या वेळी पाठीत सुई दिल्यावर मला लई थंडी भरली. नुसतं कापरं. दात वाजायले, हात टेबलावर आपटायले. पोरगी दाखवायला आनली तर मला दिसंना, डोकंच थांबंना. हातात द्या म्हनले तर सिस्टर म्हनली, पाडशील. मग काय टोचलं कुनास ठावं, जाग आली ती दुसऱ्या दिवशी."

"कुठे झालं हे?"

"सोलापूरला. तवा म्हनलं, असू दे, पोरगी जन्माची हाय, उद्या बघू." तिने पोटावर हात ठेवला. "ह्याला उद्या न्हाई."

मला ते ठाऊक होतं. सोनोग्राफीचा निकाल मी वाचला होता. पोटातल्या बाळाला मूत्रपिंडंच नव्हती. त्यामुळे भोवती पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणून फुप्फुसं वाढलेली नाहीत. जन्मल्यावर थोडा वेळ, फार तर अर्धा-पाऊण तास. कळलं तेव्हा दिवस भरत आले होते. त्यात मूल आडवं, आणि मागच्या सिझेरियनचा टाका दुखायला लागलेला. पोट उघडण्यावाचून इलाज नव्हता.

"मला कापरं भरू देऊ नका," ती म्हणाली. "आन् झोपवू नका. त्येवढा येळ माझ्या हातात द्या. दुसरं काय मागत न्हाई."

"बरं," मी म्हटलं.

शब्द देऊन टाकला, आणि मग त्या ओल्या वेणीकडे पाहिलं.

कमरेतलं इंजेक्शन दिलं की कमरेखालच्या शिरा सैलावतात. अंगाच्या आतली ऊब पायांकडे वाहून जाते. पायांना काही कळत नाही, पण वरचं अर्धं शरीर घाबरतं आणि कापून कापून ती ऊब परत मिळवू बघतं. कापरं थांबवायची इंजेक्शनं आहेत, चांगली आहेत. पण त्यानं बाई पेंगुळते, काहींना भडभडून उलट्या होतात. द्वारकेला त्यातलं काहीच परवडणारं नव्हतं. मग एकच उरतं, सुई टोचायच्या आधी अंगात ऊब भरून ठेवायची. आणि ही तर डोक्यापासून निथळत होती.

कोंडाबाई, तिथल्या जुन्या आया, वेणी सोडून केस पुसायला लागल्या. "शेगडी पेटवून आणू का ताई? वर ओवा-धूप टाकते. बाळंतिणीचे केस असे हां हां म्हणता वाळतेत."

"अहो, आत ऑक्सिजनची टाकी आहे. आपण सगळ्याच भगवंताकडे जाऊ."

द्वारका हसली. त्या दिवसातलं तिचं ते एकच हसू.

शेवटी डॉक्टर देशमान्यांच्या घरातून, म्हणजे दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरून, त्यांच्या बायकोचं केस वाळवायचं यंत्र आलं. ते घोंघावायला लागलं तसे देशमाने हात पुसत बाहेर आले.

"वत्सलाताई, हे काय? पार्लर काढलंय?"

"केस ओले आहेत तिचे."

"मी पोट उघडणार आहे, डोकं नाही."

"थोडं थांबा. तिला गरम करून घेते."

"भाकरी आहे का ती?" ते म्हणाले, पण थांबले. माणूस वाईट नव्हता. हात चांगला होता, फक्त कुठल्याही शांततेला त्यांना काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नसे.

मी सलाईनच्या बाटल्या गरम पाण्याच्या बादलीत ठेवायला सांगितल्या. पोट पुसायचं औषधसुद्धा कोमट करायला लावलं. एसी बंद केला. ब्लँकेटं उन्हात टाकली, आणि एक द्वारकेच्या अंगावर, एक पाठीशी, एक डोक्याला अशी गुंडाळली. कोंडाबाई आपण होऊन रबरी पिशवीत गरम पाणी भरून घेऊन आल्या आणि तिच्या पायांशी ठेवायला लागल्या.

"पायांशी नको. सुन्न पायांना चटका कळायचा नाही, कातडं सोलून निघेल. छातीपाशी धरू दे तिला."

द्वारकेनं ती पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली. कशी धरली ते बघून मी दुसरीकडे बघितलं.

व्हरांड्यात सोजरबाई माझी वाट बघत होत्या. हातात कोरडा टॉवेल तसाच.

"बाई, जरा हिकडं या." त्यांनी मला खांबाआड नेलं. "पोर निगालं की तिला दावू नका."

"तिला बघायचंय, सोजरबाई."

"तिला काय कळतंय? सायबांसंगं बोलले मी. पोर बाहीर काडलं की हिला झोपवायचं. नवनाथ तसाच घिऊन जाईल. ही उठंल तवर समदं झालेलं असंल." नवनाथ हा त्यांचा मुलगा, द्वारकेचा नवरा. तो जिन्यापाशी उभा राहून चपलेनं फरशी घासत होता. आमच्याकडे बघत नव्हता.

"नवनाथचं काय म्हणणं?"

"त्येला काय म्हनायचंय? बापय मानूस." सोजरबाईंनी पदर पुढे धरला, दोन्ही हातांनी, खरोखर भीक मागावी तसा. "मी पदर पसरते. तुमी देवाच्या मानूस हाय. रोज बगते मी तुमाला. तोंड बगितलं की माया चिकाटती बाई. मग सुटत न्हाई."

मला मोठ्या आवाजात बोलता येत नाही. नाही म्हणायचं झालं तरी ते विचारल्यासारखं येतं. "मी तिला शब्द दिलाय," मी म्हटलं.

सोजरबाईंनी पदर खांद्यावर टाकला. टॉवेल माझ्या हातात कोंबला.

"मग उद्यापास्नं तुळस दुसरीकडनं घ्या," त्या म्हणाल्या.

आत टेबलावर द्वारका पाठ वाकवून बसली. केस वाळून मोकळे झाले होते, मी ते टोपीत कोंबले. तिची पाठ ऊबदार लागली, कपाळ, तळहात, नाकाचा शेंडासुद्धा. मी देवाचं नाव घेतलं आणि सुई दिली. पाय जड झाले तसं तिला निजवलं, हात ब्लँकेटात गुंडाळले, आणि बादलीतली सलाईनची बाटली पुसून वर टांगली.

देशमाने हातमोजे चढवत होते. एसी बंद, अंगावर गाऊन, कपाळावर घाम. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"ताई, बाळ निघालं की झोपेचं द्या. म्हातारीला कबूल केलंय मी."

"मी हिला कबूल केलंय."

"हे बघा." त्यांचा आवाज खाली आला, त्यात थट्टा नव्हती. "मागचं सिझेरियन आहे. आत सगळं चिकटलेलं असणार. मला शिवायला वेळ लागेल. अंगावर मरतं मूल घेऊन ती हुंदके द्यायला लागली, पोट वर-खाली हलायला लागलं, तर सुई कुठे जाईल? मूत्राशय तिथंच आहे. ह्या पोरीला घरी आणखी एक पोरगी आहे."

ते खोटं बोलत नव्हते.

"ती हलली तर देईन," मी म्हटलं. "हुंदका असो की कापरं. हलली की लगेच देईन. नाही हलली तर नाही."

"चालेल. सिरिंज भरून ठेवा."

मी भरून ठेवली. ट्रेमध्ये, उजव्या हाताला.

द्वारकेनं हे सगळं ऐकलं होतं. भूल कमरेखाली होती, कान जागे होते. मी तिच्या उशाशी आले तेव्हा ती छताकडे बघत म्हणाली, "न्हाई हलत मी."

पोट उघडलं. देशमाने म्हणाले तसंच होतं, आत सगळं चिकटलेलं. ते गप्प झाले, आणि ते गप्प झाले की मला भीती वाटायची. थोड्या वेळाने द्वारकेचा खालचा ओठ थरथरला. मग हनुवटी. मग एकदाच दात वाजले, कडकड.

देशमान्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं.

मी नवी ऊबदार बाटली लावली. दोन्ही तळहातांत तिची हनुवटी घेतली, गालांवर गरम टॉवेल दाबला, आणि तिच्या कानाशी वाकले. "दात आवळू नकोस. तोंड उघडं ठेव. श्वास सोड, लांब. अजून. खांदे सैल." तिचे खांदे ब्लँकेटाखाली दगडासारखे झाले होते. थंडीला अडवायला गेलं की ती जोर करते. "येऊ दे आणि जाऊ दे," मी म्हटलं. "तू धरून ठेवू नकोस."

माझ्या ओठांत नाम चाललं होतं. ते माझं मला कळत नव्हतं.

"काय म्हनताय?" तिने विचारलं.

"देवाचं नाव."

"मोठ्यानं म्हना. मन लागतंय."

मी मोठ्याने म्हणायला लागले. थिएटरात मी कधी मोठ्याने बोललेली नाही. आवाज चिरकला, पण म्हणत राहिले. तिची हनुवटी माझ्या हातात फडफडली, थांबली, पुन्हा फडफडली, आणि मग हळूहळू निवली. पाखरू निवावं तशी. देशमान्यांनी मान खाली घातली आणि काम पुढे चालू झालं.

मुलगा झाला.

तो रडला नाही. कण्हल्यासारखा एक आवाज आला, एवढाच. सिस्टरनं त्याला माझ्याकडे दिलं. आमच्याकडे तान्ह्यांचा डॉक्टर वेगळा नसे, बाळ भूल देणारीनंच घ्यायचं. मी त्याला गरम फडक्यात पुसलं. अंगाचा रंग जांभळट होता. छाती एवढीशी, तांबोळ्याच्या पानपुड्यासारखी, आत ओढली जायची आणि बराच वेळ तशीच राहायची. त्याच्यासाठी करण्यासारखं काही नव्हतं.

द्वारकेच्या छातीवरचं ब्लँकेट मी उघडलं, गरम पाण्याची पिशवी काढली, आणि त्या जागी तिचं मूल ठेवलं. वरून दुपटं, त्यावर ब्लँकेट. तिचे दोन्ही हात मोकळे केले.

मला हातांची भीती होती. ते हात आले, त्याच्या पाठीवर टेकले, आणि टेकलेले राहिले. बोटसुद्धा हललं नाही.

"आला व्हय तू," ती म्हणाली. कुजबुजीपेक्षाही हळू, श्वासाबरोबर.

मग ती काही बोलली नाही. बोलली असती तर रडू आलं असतं, आणि रडू आलं असतं तर पोट हललं असतं. तिला अट माहीत होती. डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं, दोन्ही बाजूंनी कानांत जात होतं, टोपीत जिरत होतं. मी टिपत होते. पोट हललं नाही, हुंदक्यानं छाती हलली नाही. तिच्या छातीवर एकच गोष्ट वर-खाली होत होती, ते मूल. आत ओढल्यासारखं, मग थांबल्यासारखं, मग पुन्हा.

देशमाने शिवत होते. सिस्टर धागा देत होती. ट्रेमधली सिरिंज तिथंच होती. एकदा त्यांनी विचारलं, "झोपली का?"

"जागी आहे," मी म्हटलं.

त्यांनी पडद्यावरून डोकावून बघितलं. आणि नंतर टाके संपेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत.

शेवटचा टाका पडायच्या आधी केव्हातरी मुलाची छाती आत गेली ती आलीच नाही. द्वारकेला माझ्या आधी कळलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि मान हलवली. तरीही ती हलली नाही. पट्टी बांधून होईस्तोवर तशीच पडून राहिली, हात त्याच्या पाठीवर, आणि देशमाने "झालं" म्हणाले तेव्हा मग तिच्या गळ्यातून जो आवाज आला तो ऐकून कोंडाबाई बाहेर निघून गेल्या.

सिरिंज मी मोरीत रिकामी केली.

दुपारी ती बाजूच्या खोलीत होती. पायांना मुंग्या यायला लागल्या होत्या. मी रक्तदाब बघत होते तेवढ्यात सोजरबाई आत आल्या. माझ्याकडे बघितलं नाही. सुनेच्या पायांवरचं ब्लँकेट सारखं केलं, उगीच, ते सारखंच होतं.

"जागीच हायस?"

"हां, आत्याबाई."

"बगू दिलं म्हनं तुला."

"दिलं."

सोजरबाई स्टुलावर बसल्या.  बाहेर कुणीतरी डबा उघडला, भाकरीचा वास आला.

"कसं हुतं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं द्वारका तोंड फिरवेल. पण ती बोलायला लागली. "नाक बसकं हुतं. कान दुमडल्यागत. बोटं लांब लांब, आन् नखं आलेली. हनवटी बारकी. एकदा डोळं उघडलं त्यानं."

"उगडलं?"

"उघडलं की. बघितलं माझ्याकडं."

"मंग ठीक झालं," सोजरबाई म्हणाल्या.  मग भिंतीशी बोलावं तशा बोलायला लागल्या. "माझं पयलं असंच. नवनाथाच्या आदी. सुईनीनं फडक्यात घालून न्हेलं. सासू म्हनली, बगू नगं, बगितलंस तर इसरायची न्हाईस. मी भित्तीकडं तोंड करून पडले."

द्वारकेनं विचारलं, "मग इसरला?"

"इसरायला तोंड तर पायजे. कंचं तोंड इसरू? रोज येगळं येतंय. बायका देवळात लेकरं घिऊन येत्यात, त्येंच्यातलं एक उचलते, म्हनते आसं आसंल. दुसऱ्या दिशी दुसरं. पोरगं हुतं का पोरगी त्येबी कुनी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई."

माझ्या हातातला रक्तदाबाचा फुगा तसाच राहिला. "सोजरबाई, मग सकाळी तुम्ही मला..."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मला ज्ये सांगितलं त्येच म्या सांगितलं. दुसरं काय सांगत्यात, ते मला कुनी सांगितलंच न्हवतं."

खोलीत ऊन आलं होतं. द्वारकेनं ब्लँकेटातून हात काढला आणि सासूच्या गुडघ्यावर ठेवला.

"आत्याबाई, अजून न्हेलं न्हाई त्याला. ह्यांच्यापाशी हाय. जावा."

सोजरबाई उठल्या नाहीत. द्वारकेनं त्यांचा गुडघा हलवला. "जावा की. खड्डा काढायला मानसं गेल्यात, ती यायच्या आत."

व्हरांड्यात नवनाथ बाकावर बसला होता, मांडीवर दुपट्यातलं मुटकुळं, तोंड झाकलेलं. झाकलं कुणी तेही ठाऊक नाही. तशीच रीत म्हणून झाकलं असेल. सोजरबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी दारातच थांबले.

"उगड," त्या म्हणाल्या.

"आये, नगं. तुला सोसायचं न्हाई."

"उगड म्हनते न्हवं."

नवनाथला ते जमेना. मग त्यांनी स्वतःच वाकून दुपट्याची घडी धरली आणि मागे केली. बघितलं. खूप वेळ बघितलं. पुढे होऊन दोन बोटांनी तो दुमडलेला कान सरळ करून बघितला, तो पुन्हा दुमडला.

कापरं आधी बोटांत आलं. मग मनगटात. मग कोपरापर्यंतच्या बांगड्या किणकिणायला लागल्या, खांदे हलायला लागले, जबडा हलायला लागला. भर दुपारच्या उन्हात ती बाई उभ्या जागी अशी कापत होती, की तसं कापरं मी जन्मात कुठल्या टेबलावर पाहिलं नव्हतं.

"ताई," कोंडाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "थंडी भरली की हिला. काय द्यायचं का?"

मी मान हलवली. नाही.

नवनाथनं एका हाताने मूल सावरलं आणि दुसऱ्या हाताने आईचे हात घट्ट धरून ठेवायला बघितले.

"सोड," सोजरबाई म्हणाल्या. दात वाजत होते, शब्द तुटत होते. "सोड, कापू दे."